मुखपृष्ठांचे चित्रकार दीनानाथ दलाल

भिंतीवर फारसे न टांगले जाताही ज्यांची चित्रे मराठी घराघरांत पोहोचली, अशा चित्रकारांत दीनानाथ दलाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ३० मे १९१६ रोजी गोव्यातील मडगाव येथे त्यांचा जन्म झाला. कलाशिक्षणासाठी ते मुंबईस आले आणि १९३७ साली त्यांनी सर ज. जी. कलाशाळेची पदविका मिळविली.

त्या काळी चित्रकाराची प्रतिष्ठा प्रदर्शनांवर ठरे. मुखपृष्ठ रंगविणे हे पोटापाण्याचे, म्हणून दुय्यम काम मानले जाई. दलालांना प्रदर्शनांतही पारितोषिके लाभली. परंतु आपले सारे बळ त्यांनी वेचले ते पुस्तकांच्या आणि मासिकांच्या दर्शनी पानावर. शाळेत घोटलेली यथार्थ शरीररचना आणि जुन्या लघुचित्रांतील लयदार रेषा यांचा मेळ त्यांनी तेथे घातला. १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. प्रदर्शनाची पायरी कधीही न चढलेल्या गृहस्थाच्या हाती त्यामुळे दरवर्षी कथा-कवितांबरोबर रंगीत चित्रेही येऊ लागली. १५ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मात्र दलालांनी निवडलेले हे दालन कागदाचे होते. अंक वाचून झाला की रद्दीत जाई. ग्रंथालयात वर्षाचे अंक एकत्र बांधताना पुष्कळदा मुखपृष्ठावरच कात्री चाले. मजकूर टिके, चित्र जाई. म्हणूनच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत राहिलेले अंक आज मोलाचे ठरतात.

हौशी संग्राहक मुखपृष्ठ कापून चौकटीत बसवितो. हेतू चांगला, पण त्याने चित्राचे कूळच तुटते. ते कोणत्या वर्षाचे, आत कोणाचे लेखन होते, हे सांगणारा अंकच मागे राहत नाही. त्यापेक्षा अंक अखंड ठेवावा. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये, कारण काही वर्षांत तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. मांडावयाचा झाल्यास उन्हापासून दूर, थोडे दिवस मांडावा, आणि कायमची हौस असेल तर भिंतीवर त्याची छापील प्रत लावावी.

दलालांनी आपली चित्रे वाचणाऱ्याच्या हाती दिली होती. त्या हातांनीच ती जपली, तर पुढल्या पिढीस ती पाहावयास मिळतील.