ताराबाई शिंदे

वऱ्हाडांतील बुलढाणें येथें १८५० च्या सुमारास ताराबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे सरकारी कचेरींत हेडक्लार्क असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनीं कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. ताराबाईंचे पति घरजांवई होते व त्यांना मूलबाळ झालें नाहीं. संसाराची हकीकत एवढीच. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्यांच्या एका लहानशा पुस्तकाविषयीं.

१८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत फांशी टळून काळें पाणी ठरलें. शिक्षा झाली ती मातेस; पित्यास नव्हे. तथापि पत्रांतून जी चर्चा माजली तींत 'पुणेवैभवा'सारख्या पत्रानें स्त्रियांच्याच वर्तनावर कोरडे ओढले.

तें वाचून घरांत वावरणाऱ्या ह्या मराठा बाईंनीं लेखणी उचलली. १८८२ सालीं पुण्यास त्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापला गेला. प्रती अवघ्या ५००. त्यांची रीत एखाद्या निष्णात वकिलासारखी आहे. स्त्रियांच्या माथीं मारलेले दुर्गुण त्या एकेक करून घेतात आणि तोच दुर्गुण पुरुषांत किती आहे हें मोजून दाखवितात. बायको मरतांच दुसरी करणारा निर्दोष, आणि नवरा मेलेलीचें मात्र केशवपन, हा न्याय कोणता? पतीसाठीं सावित्री यमामागें गेली. पत्नीसाठीं त्या वाटेस कोणता पुरुष लागला? पुरुषांनीं परदेशी पोषाख व चालीरीति खुशाल उचलाव्या आणि जुना धर्म सांभाळण्याचें ओझें स्त्रियांवर टाकावें, हेंही त्यांना खपत नाहीं. भाषा कोठें कोठें फार तिखट झाली आहे, पण ती मवाळ असावयास हवी होती असें आम्हांस वाटत नाहीं.

निबंधावर टीका झाली, आणि टीकाकारांत सुधारणेच्या गोटांतील मंडळीही होती. जोतीराव फुले ह्यांनीं मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्यें बाईंचा पक्ष उघडपणें घेतला. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. पुढें नव्वद वर्षांहून अधिक काळ ह्या निबंधाचें नांवही फारसें कोणी घेतलें नाहीं. १९७५ सालीं स. गं. मालशे ह्यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला; १९९४ सालीं रोझलिंड ओ'हॅन्लन ह्यांचें इंग्रजी भाषांतर निघालें. स्त्रीत्व व पुरुषत्व हे भेद निसर्गानें किती केले आणि समाजानें किती, ह्याचा खल करणारे विद्यापीठांतील पंडित आज तोच निबंध आधारास घेतात.