लेकाच्या वहीत आईची गाणी

दिल्लीहून मध्य रेल्वेने मुंबईकडे निघाले की भुसावळनंतर जळगाव लागते. करोल बागेतून सुटीत गावी जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या ओळखीचे हे स्थानक. या जळगावाजवळच्या असोदे गावी, उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या पोटी, १८८० साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि एका शेतकरी कुटुंबाचा संसार त्यांच्या अंगावर आला.

काशी ही कन्या, ओंकार आणि सोपान हे पुत्र. बहिणाबाईंनी तिशी गाठली, तोच पतीचे निधन झाले. सोपान त्या वेळी जेमतेम तीन वर्षांचा होता. प्लेगच्या आजाराने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. दुःख कवटाळून बसण्यास या माउलीला सवड नव्हती. पहाटे जाते, मग चूल, दिवसभर शेत आणि तिन्हीसांजेला पुन्हा चूल, असा तिचा दिनक्रम होता. त्या कामातच गाणे जन्माला येई. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, सुगरणीचा खोपा, आखाजी, पोळा, माहेरची वाट, माणसाचे मन, सारे काही त्या गाण्यांत आले. वैधव्याचे दुःखही आले. परंतु दारी आलेल्या ज्योतिषाला परत पाठवण्याइतका ताठ कणाही त्याच गाण्यांत दिसतो. जळगावातील छापखाना पाहून त्यांनी त्यावरही गाणे केले. अक्षर वाचता येत नसले, तरी अक्षर जेथे उमटते त्या यंत्राविषयीचे कुतूहल त्यांना होते.

धाकट्या सोपानला त्यांनी शाळेत घातले. एकदा त्याच्या पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा त्यांच्या कानी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कथेचे गाणे तयार होते! लेकाने ते वहीत उतरवून घेतले. येथून आई आणि मुलगा यांच्यात एक आगळे नाते जुळले. शाळा मुलाला अक्षर देत होती आणि मुलगा ते अक्षर आईच्या सेवेला लावीत होता.

सोपानदेव पुढे नावाजलेले कवी झाले. त्यांचा ‘काव्यकेतकी’ हा संग्रह १९३२ साली प्रकाशित झाला. एकाच घरात आता दोन कवी नांदत होते. मुलाची कविता ग्रंथांच्या मराठीत, तर आईची कविता लेवा गणबोलीत. शिकलेल्या मुलाला न शिकलेल्या आईच्या बोलण्याचा संकोच वाटावा, ती अशुद्ध वाटावी, अशी उदाहरणे त्या काळीही कमी नव्हती. येथे तसे घडले नाही. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ही गाणी कानी पडतील तशी टिपून ठेवली. तरीही जी कोणी टिपली नाहीत, अशी कितीतरी गाणी जात्याच्या घरघरीत आणि शेताच्या बांधावर विरून गेली. आज हाती आहे, ते केवळ उरलेले.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे बहिणाबाईंनी देह ठेवला. हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नव्हते. आईची गाणी जाणकारांना रुचतील की नाही, या शंकेने सोपानदेव कचरत होते. अखेर त्यांनी ती आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले आणि हा ठेवा महाराष्ट्रापासून दडवून ठेवू नये, असा आग्रह धरला. १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. ज्या छापखान्याचे आईने गाणे केले होते, तशाच एका छापखान्यातून आईचे शब्द बाहेर पडले, आणि तेही तिच्याच बोलीत. १९६१ साली ‘मानिनी’ या चित्रपटाने ही गाणी घरोघरी पोहोचवली. २०१८ साली तर जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला, कधीही शाळेत न गेलेल्या या माउलीचे नाव देण्यात आले.

दिल्लीसारख्या परभाषिक नगरात आईची बोली पुष्कळदा घराच्या उंबरठ्याच्या आतच राहते. करोल बागेतील कोणा घरी ती वऱ्हाडी असेल, कोणा घरी मालवणी, कोणा घरी खानदेशी. मराठी शाळेने मुलांच्या हाती लेखणी दिली. त्या लेखणीने काय टिपावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. सोपानदेवांनी ते बालपणीच ठरवले होते. ती शाळकरी वही नसती, तर जळगावच्या एका शेतकरीण आईचे नाव तिच्या घराबाहेर कोणासही ठाऊक झाले नसते.