प्राणायामाचा श्वास मोजणारे लोणावळ्याचे स्वामी

लोणावळा म्हटलं की चिक्की आणि भुशी डॅम आठवतो. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी याच गावात योग्यांच्या श्वासाची मोजमापं सुरू झाली. ती करणारे होते स्वामी कुवलयानंद.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातमधल्या डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी शरीर कमावलं. नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास हे त्यांचे योगातले गुरू. पुढे खानदेशात अमळनेरला त्यांनी शिक्षकी केली.

गुरूंवर श्रद्धा होतीच, पण योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय घडतं हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीचा क्ष-किरणांनी अभ्यास सुरू केला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे दिसलं. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं.

१९२४ मध्ये लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम उभारलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून प्रयोगांचे निष्कर्ष छापायला घेतले.

प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हा तेव्हाही लाडका समज होता. कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्यांनी सोडलेली हवा तपासली, तर तो समज टिकेना. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातही ऑक्सिजनने जवळपास भरलेलं असतं, मग आणखी मावणार कुठे? प्राणायामाचं मोल त्यांनी शरीरातल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांत शोधलं. आयुष्य योगाला वाहिलेल्या माणसाने योगाच्या बाजूचाच दावा खोडला आणि तो छापलाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कैवल्यधामात योगोपचारांचं रुग्णालय सुरू झालं. तिथे दम्याचे रुग्णही येऊ लागले. तोवर, १९५६ मध्ये, अमेरिकेत मोजका डोस देणारा फवाऱ्याचा इनहेलर बाजारात आला होता. त्यातही श्वासाची रीत महत्त्वाची: फवारा सावकाश, खोल ओढायचा आणि सुमारे १० सेकंद श्वास धरायचा. घाईने ओढला तर बरंचसं औषध घशातच आदळतं. अर्थात, प्राणायाम शिकला म्हणून डॉक्टरांनी दिलेला इनहेलर सोडायचा नसतो.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचं निधन झालं. कैवल्यधाम आजही लोणावळ्यात सुरू आहे.