व्हाइट हाऊस सामान्यांसाठी खुलं करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्याच सहीने हजारो आदिवासी बेघर झाले

४ मार्च १८२९. वॉशिंग्टनमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी झाला आणि त्याच्यामागोमाग गर्दी थेट व्हाइट हाऊसमध्ये घुसली. लोक चिखलाच्या बुटांनी खुर्च्यांवर चढले, काचेची भांडी फुटली. रेटारेटी एवढी की खुद्द राष्ट्राध्यक्षालाच तिथून बाहेर काढावं लागलं. शेवटी दारूची पिंपं बाहेर हिरवळीवर नेऊन ठेवली, तेव्हा कुठे घर रिकामं झालं.

राजधानीतल्या बड्या लोकांनी नाकं मुरडली. गर्दीला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हा माणूस आपला आहे, मग त्याचं घरही आपलंच, असा साधा हिशोब होता.

त्या माणसाचं नाव अँड्र्यू जॅक्सन.

त्याच्याआधी अमेरिकेला ६ राष्ट्राध्यक्ष मिळाले होते आणि सगळे व्हर्जिनिया किंवा मॅसॅच्युसेट्सचे. जॅक्सन यात कुठेच बसत नव्हता. १७६७ साली कॅरोलिनाच्या वॅक्सहॉ भागात, आयर्लंडहून आलेल्या गरीब कुटुंबात तो जन्मला. जन्माच्या काही आठवडे आधीच वडील वारले होते. १३ वर्षांचा असताना तो स्वातंत्र्ययुद्धात निरोप्या झाला आणि पुढे इंग्रजांच्या हाती सापडला. एका अधिकाऱ्याने बूट पुसायला सांगितले, पोराने नकार दिला. अधिकाऱ्याने तलवार चालवली. हातावरचे आणि डोक्यावरचे ते वण शेवटपर्यंत राहिले. याच युद्धाच्या काळात आई आणि दोन्ही भाऊ गेले.

चौदाव्या वर्षी अनाथ झालेला हा मुलगा पुढे वकिली शिकला, टेनेसीत स्थायिक झाला आणि जमीनजुमला करून बसला. स्वभाव मात्र तापट. १८०६ मध्ये पत्नी रेचेलच्या बदनामीवरून चिघळलेल्या एका भांडणात त्याने समोरच्याला पिस्तुलाच्या द्वंद्वात ठार केलं. स्वतःच्या छातीत घुसलेली गोळी त्याने मरेपर्यंत वागवली.

८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत त्याने इंग्रजांचा धुव्वा उडवला. गंमत म्हणजे तहावर २ आठवडे आधीच युरोपात सह्या झाल्या होत्या, पण बातमी जहाजाने यायची होती. जॅक्सन देशाचा हिरो झाला.

१८२४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरला. मतं त्यालाच सर्वाधिक मिळाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडतात ते इलेक्टर, म्हणजे राज्याराज्यांतून पाठवलेले प्रतिनिधी. त्यातही जॅक्सन ९९ मतांसह पुढे होता. दुसऱ्या क्रमांकावरच्या जॉन क्विन्सी ॲडम्सकडे ८४ मतं होती. पण बहुमताला १३१ लागत होती आणि रिंगणात ४ उमेदवार होते. निर्णय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेला. सभागृहाचा अध्यक्ष हेन्री क्ले याने ॲडम्सला पाठिंबा दिला, ॲडम्स निवडून आला आणि लगेच क्लेला परराष्ट्रमंत्री केलं.

जॅक्सनच्या समर्थकांनी सौदेबाजी झाल्याची बोंब ठोकली. पुढची ४ वर्षं हाच प्रचार चालला.

याच काळात मतदानाचे नियमही बदलत होते. आधी बऱ्याच राज्यांत मालमत्ता असेल तरच मत देता यायचं. ती अट एकेक राज्य काढत गेलं. इलेक्टर निवडायचं कामही बहुतेक राज्यांत विधिमंडळाकडून मतदारांकडे आलं. न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्युरेनने गावोगावी समित्या, सभा, वर्तमानपत्रं अशी यंत्रणा उभी केली. त्यातूनच आजचा डेमोक्रॅटिक पक्ष जन्मला. १८२४ ला साडेतीन लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं होतं, १८२८ ला हा आकडा ११ लाखांच्या वर गेला. जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ असा जिंकला.

पण प्रचारात रेचेलच्या पहिल्या लग्नावरून चिखलफेक झाली होती. निकालानंतर काही आठवड्यांतच ती वारली. जॅक्सनने विरोधकांना याबद्दल कधीच माफ केलं नाही.

आता या सगळ्याची दुसरी बाजू.

मताचा हक्क वाढला तो गोऱ्या पुरुषांचा. स्त्रिया बाहेर होत्या, गुलाम बाहेर होते. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी मालमत्तेची अट जवळपास संपवली, पण काळ्यांसाठी २५० डॉलरची अट ठेवली. आणि आदिवासींना तर या लोकशाहीत जागाच नव्हती.

जॉर्जियाच्या परिसरात चेरोकी लोक राहायचे. त्यांची स्वतःची लिपी होती, राज्यघटना होती, वर्तमानपत्र होतं. १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत ते जॅक्सनच्या बाजूने लढले होते. पण नव्या मतदारांना कापसासाठी जमीन हवी होती. २८ मे १८३० ला जॅक्सनने इंडियन रिमूव्हल ॲक्टवर सही केली. आदिवासींनी आपली जमीन सोडून मिसिसिपी नदीच्या पलीकडे जायचं, असा त्याचा अर्थ. कनिष्ठ सभागृहात हा कायदा १०२ विरुद्ध ९७ मतांनी जेमतेम पास झाला होता. टेनेसीच्याच डेव्ही क्रॉकेटने विरोधात मत दिलं. पुढच्या निवडणुकीत तो पडला.

चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असा निकाल १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. जॉर्जियाने तो मानला नाही आणि जॅक्सननेही तो मानायला लावला नाही. त्याच वर्षी तो पुन्हा निवडून आला.

१८३८ मध्ये व्हॅन ब्युरेन राष्ट्राध्यक्ष असताना सैन्याने चेरोकींना घराबाहेर काढलं. सुमारे १६ हजार लोकांना शेकडो मैल दूर पाठवण्यात आलं. छावण्यांत आणि वाटेत थंडी, भूक आणि रोगाने सुमारे ४ हजार जण मेले, असा अंदाज आहे. हा प्रवास ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखला जातो.

जॅक्सन १८४५ मध्ये टेनेसीतल्या आपल्या हर्मिटेज या मळ्यावर वारला. सामान्य माणसाचा नेता म्हणून गाजलेल्या या माणसाच्या मालकीचे तेव्हा दीडशेच्या आसपास गुलाम होते.

अमेरिकेतल्या सगळ्या आदिवासींना त्याच देशाचं नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडलं. त्यानंतर ४ वर्षांनी जॅक्सनचा चेहरा २० डॉलरच्या नोटेवर आला, आणि चेरोकींच्या हातातही तीच नोट असते.