मेंदूचा नकाशा काढणारा डॉक्टर

मी रेवसचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की जिथं उतरतात ते रेवस. मागच्या सुट्टीत घरी जात होतो. लाँच लागली, लोक उतरू लागले आणि जेटीवर पाय ठेवता ठेवता एका मुलाला आकडी आली. क्षणात गर्दी! कुणी म्हणतंय कांदा फोडा, कुणी चप्पल हुंगवा, एक जण तर त्याच्या दातांत चमचा घालायला निघालेला. आणि अस्मादिक, भावी इंजिनिअर, खांद्यावर सॅक घेऊन नुसते बघत उभे. दोन-तीन मिनिटांत आकडी आपोआप थांबली. त्याच्या आईने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पदराने त्याचा चेहरा झाकला. ओळखीच्या कुणी बघू नये म्हणून.

होस्टेलवर परत आलो तरी तो पदर डोळ्यासमोरून जाईना. आकडी म्हणजे नक्की काय, ती येते कुठून, हे शोधत लायब्ररीत बसलो आणि एका माणसाची ओळख झाली. डॉ. वाइल्डर पेनफील्ड. तुम्हालाही ती करून द्यावी म्हणून हा लेख.

पेनफील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१चा, अमेरिकेतल्या स्पोकेन गावचा. वडील डॉक्टर होते, पण त्यांचा जम बसला नाही. आई मुलांना घेऊन हडसन या गावी माहेरी आली. ऱ्होड्स शिष्यवृत्तीबद्दल तिनं कुठंतरी वाचलं आणि ती आपल्या मुलानं मिळवायची असं ठरवून टाकलं. त्या काळी या शिष्यवृत्तीसाठी अभ्यासासोबत खेळातली चमकही पाहिली जाई. म्हणून प्रिन्स्टनला गेल्यावर हा पठ्ठ्या पुस्तकांसोबत फुटबॉलच्या मैदानातही घाम गाळू लागला. शिष्यवृत्ती मिळाली आणि तो ऑक्सफर्डला पोचला. तिथं मज्जासंस्थेचे मोठे संशोधक शेरिंग्टन गुरू म्हणून लाभले. मेंदू हा अजून कुणी न पाहिलेला प्रदेश आहे, ही ओढ तिथंच लागली.

पहिलं महायुद्ध चालू होतं. मार्च १९१६ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना त्यांच्या 'ससेक्स' बोटीवर टॉर्पेडो आदळला. बोटीचा पुढचा भाग उडाला, पेनफील्ड यांच्या पायाला जबर दुखापत झाली, पण जीव वाचला. १९१८ साली जॉन्स हॉपकिन्समधून ते डॉक्टर झाले आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे वळले.

आता त्या काळची अडचण समजून घ्या. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संकेतांनी बोलतात. एखाद्या ठिकाणी जुनी जखम, गाठ किंवा जन्मजात दोष असला की तिथल्या पेशी एकदम, एका तालात भडकतात. ही ठिणगी पसरली की आकडी. म्हणजे आपल्या भाषेत, कुठंतरी फॉल्ट आहे आणि त्याने सगळी लाईन ट्रिप होते. पण फॉल्ट शोधायचा कसा? क्ष-किरणांत कवटीचं हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. मग पाठीच्या कण्यातून हवा आत सोडायची आणि मेंदूतल्या पोकळ्यांचा आकार फोटोत बघायचा. रुग्णाचं डोकं दिवसेंदिवस ठणकायचं, आणि हाती यायची एक धूसर सावली.

१९२८ साली पेनफील्ड जर्मनीत ब्रेस्लाऊ इथं फोर्स्टर यांच्याकडे गेले. पहिल्या महायुद्धात डोक्याला मार लागून आकडी जडलेल्या सैनिकांवर फोर्स्टर शस्त्रक्रिया करत. रुग्णाला बेशुद्ध न करता फक्त डोक्याची कातडी बधिर करायची. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे रुग्ण जागा राहून बोलू शकतो. ही पद्धत शिकून पेनफील्ड त्याच वर्षी कॅनडात माँट्रियलला आले.

आणि तिथं पहिल्याच काही महिन्यांत नियतीनं त्यांची परीक्षा घेतली. त्यांची मोठी बहीण रूथ, सहा मुलांची आई. तिला तरुणपणापासून आकड्या येत होत्या. तपासणीत कळलं की मेंदूच्या पुढच्या भागात मोठी गाठ आहे. डिसेंबर १९२८ मध्ये पेनफील्ड यांनी स्वतः बहिणीवर शस्त्रक्रिया केली. रक्तस्राव वाढला, सहकारी डॉ. कोन यांनी थांबायचा सल्ला दिला, तरी ते आणखी खोल गेले. उजव्या बाजूचा पुढचा बराच भाग काढावा लागला. तरीही गाठीचा काही अंश आत राहिलाच.

रूथ वाचली. बोलणं-चालणं, स्वभाव सगळं पूर्वीसारखं. पण साधारण सव्वा वर्षानं भाऊ जेवायला येणार म्हणून ती स्वयंपाकाला लागली आणि गडबडली. एक-एक पदार्थ करता येत होता, पण चार पदार्थ वेळेत पानात पडतील अशी आखणी तिला जमेना. तेव्हा पेनफील्ड यांना उमगलं की मेंदूचा हा भाग योजना आखतो. बहिणीच्या स्वयंपाकघरात लागलेला हा शोध त्यांनी पुढे शास्त्रीय नियतकालिकातही मांडला. गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये रूथ गेली.

दोष काढायचा तर तो नेमका कुठं आहे हे कळलं पाहिजे, आणि त्याच्या शेजारी काय आहे तेही. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. रॉकफेलर फाउंडेशननं बारा लाख डॉलरहून अधिक देणगी दिली आणि १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. शल्यविशारद, शरीरशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एका छपराखाली आले. मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारं ई.ई.जी. यंत्र घेऊन हर्बर्ट जॅस्पर आले. यंत्र अंदाजे बाजू सांगे आणि उरलेलं काम पेनफील्ड रुग्णाला विचारून करत.

ते कसं? कवटी उघडून विजेच्या बारीक प्रवाहाची तार मेंदूच्या पृष्ठभागावर हलकेच टेकवायची. इथं स्पर्श केला की अंगठ्याला मुंग्या आल्या, तिथं केला की जीभ हलली, आणखी तिथं केला की बोलणंच थांबलं. प्रत्येक जागी आकडा लिहिलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवायचा आणि फोटो काढायचा. पुष्कळ रुग्णांना आकडीआधी एक ठरलेली चाहूल लागते: कुणाला वास, कुणाला पोटात गोळा, कुणाला आधी कधीतरी घडून गेल्याचा भास. ज्या जागी तार टेकवल्यावर तीच चाहूल आली, तिथंच चोर! अशा नोंदींवरून १९३७ साली शरीराचा नकाशा मेंदूवर उमटला. त्यात हात आणि ओठ अवाढव्य, पाठ मात्र चिमुकली.

पण चुका झाल्या नाहीत असं नाही. त्यांचा एक रुग्ण सिव्हिल इंजिनिअर होता. डाव्या कानाजवळचा मेंदूचा भाग दोन टप्प्यांत काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत राहिली, पण नवीन काही लक्षात राहीना. एक बाजू काढली तर दुसरी काम सांभाळते, मग असं का झालं? ब्रेंडा मिल्नर या तरुण मानसशास्त्रज्ञेनं त्याला तपासलं आणि तर्क केला की दुसरी बाजू आधीपासूनच खराब असावी. रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा तेच निघालं. पेनफील्ड यांनी हे लपवलं नाही. १९७४ साली, वयाच्या ८३व्या वर्षी, ते स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलं. ५ एप्रिल १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.

आज त्या इंजिनिअरचा एम.आर.आय. काढला असता तर दुसऱ्या बाजूचा दोष आधीच दिसण्याची शक्यता मोठी होती. पेट स्कॅनमध्ये आकड्यांच्या मधल्या काळात दोषी भाग साखर कमी वापरताना दिसतो. व्हिडिओ-ई.ई.जी.मध्ये आकडी आणि लहरी एकाच वेळी टिपल्या जातात. एम.ई.जी. तर मेंदूतल्या विजेमुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मोजतं. पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा ते कोट्यवधी पटींनी क्षीण असतं, म्हणून यंत्र बाहेरचं क्षेत्र अडवणाऱ्या खोलीत ठेवतात. आम्हा अलिबागकरांना ही गोष्ट नवी वाटू नये! मुंबईत विजेच्या ट्राम आल्यावर कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला सुरू केली, तीही लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत. बारीक आवाज ऐकायचा तर आधी गोंगाटापासून लांब जावं लागतं.

पेनफील्ड यांची विद्या आपल्याकडेही आली. त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला आणि १९५२ पासून तिथं आकडीवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून असा उपक्रम आहे. अर्थात सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. दहातल्या साधारण सात जणांची आकडी नियमित औषधांनी आटोक्यात राहू शकते. उरलेल्यांसाठी शोध असतो तो त्या एका जागेचा.

मित्रांनो, ही यंत्रं डॉक्टर वापरतात, पण ती बनवतं कोण? सेन्सर, फिल्टर, सिग्नल प्रोसेसिंग. ज्या विषयांत आपण केटी घेऊन बसतो तेच सगळे. पुढच्या वेळी सबमिशनला फाईल कॉपी करताना एवढं आठवा.

आणि जेटीवर, मेसमध्ये, कुठंही कुणाला आकडी आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात काही घालायचं नाही. गर्दी हटवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. शुद्धीवर आल्यावर त्याच्याजवळ बसा. पेनफील्ड यांनी जगाला दाखवलं की आकडीला मेंदूत एक पत्ता असतो, भुताखेताशी किंवा मागच्या जन्माच्या पापाशी तिचा काही संबंध नाही. त्या आईला हे कुणी सांगितलं असतं, तर तिनं तो पदर लेकाचा घाम पुसायला वापरला असता. सांगायला मी तिथंच उभा होतो, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.