तोफखाना आणि हातमाग : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

आमच्या हाटपिपल्याच्या नावातच हाट आहे. हाटात कोणी कोणता माल आणला आणि त्यासाठी भांडवल कोणाचे लागले, हे येथील लहान मूलही विचारते. राज्यांच्या व्यवहारातही हाच प्रश्न विचारावा लागतो. प्रजेने कररूपाने दिलेला पैसा शस्त्रांच्या कारखान्यात किती घालावा आणि त्यातून प्रजेला काय परत मिळावे, याचा विचार करताना आम्हांस आपल्या माळव्यातील एका थोर स्त्रीचे चरित्र आठवते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी, आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील चौंडी गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकरांनी ही तेजस्वी कन्या आपल्या एकुलत्या एक पुत्रासाठी, खंडेरावांसाठी, पसंत केली आणि १७३३ मध्ये विवाह झाला. १७५४ साली भरतपूरच्या जाटांच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा पडला असता तोफेच्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. परंतु वृद्ध सासऱ्याने त्यांना कळवळून परावृत्त केले. तोफ म्हणजे काय, हे त्यांना असे आपल्या कपाळीच्या कुंकवाचे मोल देऊन कळले.

तथापि त्यांनी शस्त्रांकडे पाठ फिरविली नाही. मल्हारराव सदा मोहिमेवर असत आणि मागील व्यवस्था सूनबाई पाहत. १७६५ मधील त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरीस जावे, तेथे मुक्काम करून मोठ्या तोफांची व दारूगोळ्याची होईल तितकी तयारी करावी, अशी आज्ञा त्यात अहिल्याबाईंना केलेली आहे. एका तोफेसाठी धातू किती लागतो, ओढावयास बैल किती, दारूगोळ्याला पैसा किती, हे ज्यांना कामातून शिकावे लागले, त्यांच्या हाती पुढे राज्याची तिजोरी आली.

मल्हारराव १७६६ साली निवर्तले, पाठोपाठ १७६७ मध्ये पुत्र मालेरावही गेले. राज्याला वारस नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंतांच्या चिथावणीने राघोबादादा सैन्यासह माळव्याकडे निघाले. त्यांचे लक्ष होळकरांच्या खजिन्यावर होते. बाईंनी सैन्य सज्ज केले, इतर सरदारांना पत्रे धाडली. आणि राघोबादादांना न लढताच विचार बदलावा लागला. स्वसंरक्षणाचे शस्त्र हाती असावे, हे त्या जाणत होत्या. ते हाती असले म्हणजे प्रत्येक वेळी चालवावेच लागते असे नाही, हेही त्यांनी दाखविले.

यानंतर जवळजवळ अठ्ठावीस वर्षे महेश्वर येथून त्यांनी कारभार केला. सैन्याचे काम त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे सोपविले. तुकोजीराव दूरच्या मोहिमांतून वारंवार पैसा मागत आणि बाई त्यांच्याकडे हिशेब मागत. यावरून उभयतांत कटुताही आली. परंतु फौजेच्या नावाने केलेला खर्च हिशेबावाचून सोडावयाचा नाही, हा त्यांचा बाणा ढळला नाही. स्वतःच्या बाबतीतही त्या तितक्याच कठोर होत्या. होळकरांच्या घरी गौतमाबाईंच्या वेळेपासून, म्हणजे १७३४ पासून, खासगी उत्पन्न वेगळे असे. काशी, सोमनाथ, गया येथील मंदिरे आणि ठिकठिकाणचे घाट व धर्मशाळा यांचा खर्च त्यांनी या खासगीतून केला. राज्याच्या दौलतीवर तो भार घातला नाही.

विंध्य-सातपुड्याच्या घाटांत भिल्ल वाटसरूंना लुटीत. बाईंनी प्रथम कठोर उपाय योजले. पुढे मात्र मार्गावरील मालावर भीलकवडी नावाचा लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि त्याच वाटांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. व्यापारी निर्धास्त झाले आणि भिल्लांनाही पोटाला मिळाले.

राजाश्रय त्यांनी दिला तो विणकरांना. परप्रांतांतून कुशल कोष्टी बोलावून त्यांना महेश्वरात वसविले. पाहुण्यांना भेट म्हणून देण्यास तेथील लुगडी व वस्त्रे जाऊ लागली आणि महेश्वरी हे नाव देशभर झाले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंनी देह ठेवला.

पुढची कथा दुःखाची आहे. इंग्रजांशी झुंजणारे पराक्रमी यशवंतराव होळकर तहानंतर भानपुरा येथे येऊन तोफा ओतविण्याच्या कामात गढून गेले. भट्टीपाशी ते स्वतः राबत. त्या ध्यासात त्यांची प्रकृती व बुद्धी दोन्ही ढासळली आणि १८११ साली त्यांचा अंत झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणात होळकरांचा तोफखाना इंग्रजांच्या हाती पडला. महेश्वरचे माग मात्र अनेक उतारचढाव सोसून आजही चालू आहेत.

आज काळ पालटला आहे. सरकारे आता स्वतःसाठी शस्त्रे घडवून थांबत नाहीत. ती परदेशी विकली जावीत म्हणूनही झटतात. ब्रिटनमध्ये १९१९ पासून निर्यातीच्या उधारीला हमी देणारे सरकारी खाते आहे. पुढे शस्त्रांचे व्यवहारही त्या हमीखाली आले. खरेदीदाराने पैसे बुडविले, तर विक्रेत्याची भरपाई सरकार करते. अमेरिका काही देशांना शस्त्रखरेदीसाठी अनुदानच देते. भारतानेही २०१६ साली व्हिएतनामला संरक्षण साहित्यासाठी ५० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. २०२४-२५ मध्ये आपल्या देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. यातून कामगारांना काम मिळते, कारखाने चालतात, मित्रदेशांना बळ येते, हे खरे. परंतु नफा झाल्यास तो मुख्यतः कारखानदाराचा, आणि कर्ज बुडाल्यास भार करदात्याचा, असा व्यवहार असेल, तर करदात्याने हिशेब मागितलाच पाहिजे. विकलेली तोफ पुढे कोणाच्या घरावर रोखली जाईल, हेही विचारले पाहिजे. कुंभेरीच्या वेढ्यात ज्यांचे सर्वस्व गेले, त्या बाईंना हा प्रश्न कोणी शिकवावा लागला नसता.

विद्यार्थिमित्रहो, अहिल्याबाईंचे नाव घेताना आपण घाट आणि देवळे आठवतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर त्यांची हिशेबाची वहीही आठवू या. उद्या तुम्ही कर भराल, मत द्याल, कदाचित राज्यकारभारातही बसाल. त्या दिवशी प्रजेच्या पैशाचा प्रत्येक रुपया कोठे गेला, हे निर्भयपणे विचारण्याचे धैर्य तुमच्या अंगी असो, एवढीच आमची इच्छा आहे.