छातीतील भाषा जाणणारा वैद्य : रेने लाएनेक

डॉक्टरांच्या गळ्यात लोंबणारी रबरी नळी आपणांपैकी प्रत्येकाने पाहिली आहे. तिचे थंडगार टोक पाठीला लागताच अंग आकसते, डॉक्टर दीर्घ श्वास घ्यावयास सांगतात आणि क्षणभर डोळे मिटल्यासारखे करून काहीतरी ऐकत राहतात. ते काय ऐकतात, हे ज्याने प्रथम जगाला शिकविले, तो रेने लाएनेक हा फ्रेंच वैद्य. एक युक्तिबाज यंत्र शोधून काढणारा गृहस्थ एवढीच त्याची ओळख सामान्यतः दिली जाते. परंतु विद्यार्थी मित्रहो, ते यंत्र हाती येण्यापूर्वी पंधरा वर्षे हा मनुष्य मृतांची फुफ्फुसे उघडून पाहत होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याची थोरवी कळावयाची नाही.

फ्रान्सच्या वायव्येस ब्रिटनी नावाचा समुद्रकाठचा प्रांत आहे. तेथील कँपेर या गावी १७ फेब्रुवारी १७८१ रोजी त्याचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असतानाच आई वारली. वडील वकील होते. कविता करण्यात आणि पैसा उधळण्यात ते जितके तत्पर, तितकेच मुलांच्या संगोपनाविषयी उदासीन. अखेरीस १७८८ साली नांत शहरी वैद्यकी करणाऱ्या गियोम या काकांनी त्याला आश्रय दिला. पुढे राज्यक्रांतीचा वणवा भडकला. काकांच्या घरासमोरील चौकातच शिरच्छेदाचे यंत्र उभे होते! ज्या वयात मुलांनी पतंग उडवावेत, त्या वयात या मुलाने माणसांची डोकी उडताना पाहिली. चौदाव्या वर्षी तो काकांच्या हाताखाली रुग्णालयात जखमींची शुश्रूषा करू लागला. प्रकृतीने किरकोळ, परंतु हाताचा कसबी. बासरी उत्तम वाजवी, लाकडाच्या कातकामाचीही त्याला आवड होती. हे दोन्ही छंद पुढे उपयोगी पडले.

१८०१ साली तो पॅरिसला आला आणि शारिते रुग्णालयात कॉर्व्हिझार या विख्यात वैद्यापाशी शिकू लागला. दोनच वर्षांत वैद्यक व शल्यक्रिया या दोन्ही विषयांतील प्रथम पारितोषिके त्याने पटकाविली. तो काळ वैद्यकाच्या स्थित्यंतराचा होता. रोग म्हणजे शरीरातील रसांचा बिघाड ही शतकानुशतकांची समजूत मागे पडत होती आणि प्रत्येक रोग कोणत्या तरी इंद्रियात ठाण मांडून बसलेला असतो, हा विचार मूळ धरीत होता. रोग्याची लक्षणे जिवंतपणी टिपून ठेवावयाची आणि तो दगावल्यास शवविच्छेदन करून ती पडताळून पाहावयाची, अशी ही नवी विकृतिशास्त्राची पद्धत होती.

या पद्धतीने लाएनेक क्षयरोगाकडे वळला. क्षयाने मेलेल्यांच्या फुफ्फुसांत कधी बाजरीच्या दाण्याएवढ्या करड्या गाठी सापडत, कधी नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखे पिवळे गोळे, तर कधी मोठाल्या पोकळ्या. त्याचा मित्र बाइल याने शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे या रोगाचे सहा प्रकार ठरविले होते. लाएनेकने दाखवून दिले, की हे निरनिराळे रोग नसून एकाच गाठीच्या वाढीच्या अवस्था आहेत : बारीक दाणा वाढतो, पिवळा पडतो, मऊ होतो, श्वासनलिकेवाटे गळून जातो आणि मागे पोकळी उरते. हीच गाठ आतड्यात, हाडांत, मेंदूच्या आवरणातही सापडते आणि तेथेही तो रोग तोच असतो. पुढे फिरखोसारख्या महापंडिताने हे मत अमान्य केले. परंतु २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिन येथे क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा लाएनेकचे म्हणणे खरे ठरले. सूक्ष्मदर्शक यंत्रावाचून, केवळ डोळ्यांनी व बोटांनी त्याने हे जाणले होते, याचे मला विशेष कौतुक वाटते.

या अभ्यासाची किंमतही होती. एकदा क्षयी मृताचे मणके करवतीने कापताना त्याच्या डाव्या तर्जनीला खरचटले आणि तेथे एक लहानशी गाठ आली. त्याने ती दाहक औषधाने जाळून टाकली आणि इतर रोग्यांविषयी लिहावे तितक्याच अलिप्तपणे या गोष्टीची नोंद करून ठेविली. त्याचा धाकटा भाऊ १८१० साली आणि मित्र बाइल १८१६ साली क्षयानेच गेले.

१८१६ सालीच त्याची नेमणूक नेकेर रुग्णालयात झाली आणि ती प्रसिद्ध घटना घडली. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्याच्याकडे आली. शरीराने ती स्थूल असल्याने छातीवर बोटे ठोकून काही कळेना आणि छातीला कान लावणे सभ्यपणाचे नव्हते. लाकडाच्या तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास ते स्पष्ट ऐकू येते, हा मुलांचा खेळ त्याला आठवला. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवले, दुसऱ्याला कान लाविला. आणि उघड्या कानालाही येऊ नयेत इतके स्वच्छ हृदयाचे ठोके ऐकू आले. मग त्याने स्वतःच कातून फूटभर लांबीची पोकळ लाकडी नळी बनविली. तिच्या टोकाला एक बूच असे. श्वासाचे आवाज ऐकताना ते काढावयाचे. स्टेथोस्कोप हे ग्रीक नावही त्यानेच दिले. आजची दोन्ही कानांची नळी ही १८५० नंतरची सुधारणा होय.

खरे परिश्रम यापुढचे आहेत. ऐकू आलेल्या आवाजाचा अर्थ काय, हे कोणाला ठाऊक होते? जवळजवळ तीन वर्षे तो खाटेमागून खाट फिरत राहिला. बुडबुडे फुटल्यासारखा आवाज, केस चोळल्यासारखी चुरचुर, शेळीच्या बेंबेंप्रमाणे कापरा स्वर, असा प्रत्येक नाद तो टिपून ठेवी आणि रोगी गेल्यास फुफ्फुस उघडून ताडून पाही. काही क्षयरोग्यांचा आवाज तोंडातून न येता छातीतूनच नळीत शिरल्यासारखा वाटे. विच्छेदनात नेमक्या त्या जागी पोकळी आढळे. न्यूमोनिया, फुफ्फुसाची सूज, छातीत साचलेली हवा वा पाणी, रुंदावलेल्या श्वासनलिका ही सारी जिवंत माणसात ओळखता येऊ लागली. १८१९ साली त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. काहींनी त्या नळीची टवाळी केली, पण परदेशांतून विद्यार्थ्यांची रीघ लागली. तो त्यांच्याशी लॅटिनमध्ये बोले.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्रिटनीतील शेतकऱ्यांची बोली ब्रेटन. फ्रेंचहून अगदी वेगळी. शिकलेले लोक तिच्याकडे दुर्लक्ष करीत. लाएनेकने मात्र ती मुद्दाम शिकून घेतली आणि १८१४ साली युद्धातील आजारी ब्रेटन सैनिक पॅरिसला आले, तेव्हा तो त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलला. घरी एक भाषा व शाळेत दुसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या शिपायांचा आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याचे सर्वच निष्कर्ष अचूक होते असे नाही. क्षय हा संसर्गाने पसरतो, हे त्याने मानले नाही. दीर्घ दुःख हे त्याचे मोठे कारण, अशी त्याची समजूत होती. एका कडक व्रताच्या मठात दहा वर्षांत सगळ्या जोगिणी दोन-तीनदा बदलल्या, इतक्या मेल्या; हे पाहूनही त्याने दोष त्यांच्या उदास आयुष्याला दिला. एका छपराखाली रोग एकीकडून दुसरीकडे जात होता, हे त्याच्या लक्षात आले नाही. हा रोग आजही संपलेला नाही. लाएनेकच्या जन्मानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९८१ साली, अमेरिकेत तरुण पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियावरून एड्सचा सुगावा लागला. एचआयव्ही हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो आणि दबून राहिलेला क्षय डोके वर काढतो. या विषाणूने ग्रासलेल्यांचा सर्वांत मोठा काळ क्षयच आहे. अशा रोग्यांत पोकळ्या पुष्कळदा होतच नाहीत, कारण त्या घडविण्याइतकीही झुंज शरीर देऊ शकत नाही. तेथे नळीला ऐकण्याजोगे फारसे काही नसते.

ग्रंथ संपवून थकलेला लाएनेक ब्रिटनीतील केरलुआर्नेक येथील आपल्या वाडीवर परतला. दोन वर्षे शेती, शिकार आणि समुद्राची हवा यांनी त्याला उभारी दिली. १८२१ साली तो पॅरिसला परतला. १८२२ साली कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद व पाठोपाठ शारितेतील अध्यापनाचे स्थान मिळाले. १८२४ साली त्याने विवाह केला. पुन्हा खोकला व ताप सुरू झाला, तरी दिवसरात्र खपून त्याने ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८२६ साली पुरी केली. त्याच वेळी त्याने मेरियादेक या वैद्य असलेल्या नातलगाला आपली छाती ऐकून काय आढळते ते सांगावयास लाविले. मेरियादेकने जे वर्णन केले, ते कोणत्या अवस्थेचे, हे त्या खोलीत लाएनेकहून अधिक कोण जाणत होते?

मे महिन्यात तो ब्रिटनीस निघाला. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, केरलुआर्नेक येथे त्याचा अंत झाला. ती लाकडी नळी त्याने मृत्युपत्राने मेरियादेकला दिली. सांगतात, की प्राण जाण्यापूर्वी काही वेळ तो अंथरुणावर उठून बसला आणि बोटांतील अंगठ्या त्याने एकेक करून काढून ठेविल्या. मागाहून हे काम दुसऱ्या कोणाला करावे लागू नये, अशी त्याची इच्छा होती.